खुलासा : प्लास्टर निघालं म्हणजे नाक बरं झालं, असं नाही

‘नाकाच्या प्लास्टिक सर्जरीनंतर आठवड्यात प्लास्टर निघतं, मग काहीच पथ्य नाही, सूज उरलीच तर हळद लावून चोळा,’ असा मेसेज सध्या फिरतोय. यातला आठवडा तेवढा साधारण बरोबर आहे.

प्लास्टर निघतं तेव्हा हाडं जुळायला नुकती सुरुवात झालेली असते. म्हणूनच चष्म्याचा भार काही आठवडे नाकावर नको. नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. झोपताना डोकं उंचावर. अंग दुखलं की घरातली अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. चोळणं तर सर्जनने सांगितल्याशिवाय नाहीच. टाक्यांवर हळदही नको.

डोळ्यांखालची काळी-निळी छटा साधारण दोन आठवड्यांत ओसरते. नाकाच्या शेंड्याची सूज मात्र वर्षभरही रेंगाळते, त्यामुळे महिन्याभरात आरशात बघून ‘ऑपरेशन फसलं’ म्हणणं घाईचं. (सेल्फीत तर नाक एरवीही मोठंच दिसतं.)

ताप, न थांबणारं रक्त, किंवा वाढत्या वेदनेसोबत नाक गच्च बंद झालं, तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यात रक्त साचलं असेल तर ते तातडीने काढावं लागतं, नाहीतर कूर्चा (नाकातलं मऊ हाड) खराब होऊन नाक खाली बसू शकतं.