डोक्यावरचं हवामान खातं

आमच्याकडे कुरडया कधी घालायच्या हे माझे केस ठरवतात. सकाळी मी डोळे चोळत बाहेर आले, की आई चहाचं आधण सोडून आधी माझ्या डोक्याकडे बघते. केस खांद्याला टेकलेले असले तर गच्चीची किल्ली खुंटीवरून खाली येते. कानांच्या वर उठलेले असले तर "आज राहू दे गं बाई" होतं. आणि कावळ्याच्या घरट्याचा आकार आला असेल, तर बाबा काही न बोलता छत्री काढून दाराच्या कडीला लावतात. टीव्हीवरचा अंदाज चुकतो, हा चुकत नाही. वयाच्या तेराव्या वर्षापासून मी ही सेवा घराला फुकट देत आले आहे.

आम्ही राहतो डोंबिवलीत. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरकारी तारीख ११ जून. माझ्या डोक्यावर तो मेच्या पहिल्याच आठवड्यात येतो आणि दसरा झाल्याशिवाय हलत नाही. पुण्याला मावशीकडे गेलं की हेच केस दोन तासांत शहाण्यासारखे खाली बसतात. त्याचं श्रेय मावशी पुण्याच्या पाण्याला देते, काका पुण्याच्या हवेला, आणि मग दोघं मिळून डोंबिवलीला नावं ठेवतात. घरभेदी केस आहेत, दुसरं काय.

आईचे केस सळसळीत, शेपटा घातला तर कमरेवर लोळेल असे. माझे बाबांकडून आले. म्हणजे बाबांचे नव्हेत, त्यांना आता फारसे उरलेच नाहीत, त्यांच्या बहिणीचे. "केस आत्याचे घेतलेत हिने" हे वाक्य आमच्याकडे "शुगर आजोबांची घेतलीय" याच सुरात म्हटलं जातं. आत्याने स्वतः हा प्रश्न चाळिशीत निकालात काढला. बॉयकट केला आणि भाच्यांना सल्ले द्यायला मोकळी झाली.

या केसांचा खरा छळ मला होत नाही, लोकलमध्ये माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला होतो. दाराशी वारा लागला की ते उठून थेट तिच्या तोंडात. "ताई, केस बांधा ना." "बांधलेलेच आहेत हो." हा संवाद ठाण्यापर्यंत तीनदा होतो. म्हणून एकदा संध्याकाळच्या गाडीत क्लचर घेतला. विकणारीने दोरीला माळ लावल्यासारखे लटकवले होते. मी तीस रुपयांचा निवडला. तिने माझ्या डोक्याकडे एक नजर टाकली आणि तो माझ्या हातातून काढूनच घेतला. "हा नको ताई, फुटेल. तुम्ही हा घ्या, पन्नासचा." मला वाटलं माल खपवतेय. हट्टाने तीसचाच घेतला, लावला. दिवा स्टेशन यायच्या आत डोक्यामागे टक्कन आवाज झाला, स्प्रिंग कुठेतरी उडाली आणि क्लचरचा एक दात शेजारी गवार निवडत बसलेल्या काकूंच्या ओच्यात पडला. त्यांनी शेंगांमधून तो शोधून काढला, पदराला पुसला आणि मला दिला. "घ्या, तुमचा दात." विकणारी अजून दाराशीच उभी होती. ती काही बोलली नाही. नुसता पन्नासचा पुढे केला.

मग पार्लर. तिथल्या मुलीने माझी एक बट दोन बोटांत धरून, डॉक्टर एक्स-रे बघतात तशी दिव्याकडे केली.

"काय लावता केसांना?"

"खोबरेल."

"आणि?"

"आणखी खोबरेल."

तिने सुस्कारा सोडला आणि केस सरळ बसवायचं केराटिनचं पॅकेज सांगितलं, साडेसहा हजार. किती टिकेल? केअर घेतली तर चार महिने. केअर म्हणजे तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत, आणि घाम येऊ द्यायचा नाही. मे महिन्यात. डोंबिवलीत. मी विचारलं, या तीन दिवसांत श्वास घेतला तर चालेल ना? ती हसली नाही. साडेसहा हजारांत आमचा वर्षाचा तांदूळ भरून होतो. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

घरी येऊन मी हे केस असे का वागतात ते वाचून काढलं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा. त्याच्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही बंध अगदी नाजूक असतात, हायड्रोजनचे. हवेतलं पाणी आत शिरलं की ते सुटतात आणि वाटेल तिथे नव्याने जुळतात. केस फुगतो, वळतो. कोरडा, वरचे खवले उचकटलेला केस पाणी जास्त लवकर ओढून घेतो. त्यात माझे धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत, त्यामुळे प्रत्येक केस शेजारच्याला न विचारता आपापल्या दिशेने निघतो. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा अशीच असते.

पण पुढचं वाचून माझी कॉलर ताठ झाली. जिनिव्हाच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या माणसाने १७८३ साली हवेचा दमटपणा मोजण्यावर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या आर्द्रतामापकात मुख्य भाग काय, तर माणसाचा केस! अगदी कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेला की केस दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो. तो ताणून बांधायचा, काट्याला जोडायचा, झालं यंत्र. केसांच्या जुडीवर चालणारी अशी यंत्रं वेधशाळांत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, पुढे कितीतरी वर्षं काम करत होती. मी हे आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग मी वेगळं काय करते?"

त्याच पानावर एक ओळ होती. यंत्रात लावायचा केस आधी स्वच्छ धुऊन त्याचं सगळं तेल काढावं लागतं, चोपडलेल्या केसाला हवा नीट कळत नाही. मी ती ओळ वाचली आणि पान उलटलं. चूक झाली ती तिथे.

महिन्याचं बजेट ठरवलं, तीनशे रुपये. मेथीचा लेप लावून ऑफिसात गेले तेव्हा तिघांनी विचारलं, लाडू कुणाकडचे आलेत. दह्याने केस मऊ होतात हे खरं, पण जिन्यातलं मांजर तिसऱ्या मजल्यापर्यंत मागे येतं. केळ्याबद्दल एवढंच सांगते, केळं केसांत जातं, परत येत नाही. तीन बादल्या पाणी ओतूनही दोन दिवस माझ्या डोक्यातून शिकरणीचे कण गळत होते. साटीनच्या अभ्र्यावर झोपलं की केस घासले जात नाहीत म्हणतात. तो दुकानात आठशेला होता, म्हणून आईच्या जुन्या साटीनच्या परकराचा शिवला. आता डोकं रात्रीतून चारदा घसरतं आणि नाडीचं भोक बरोबर कानाखाली येतं.

खरा गुण आला तो फुकटातल्या दोन सवयींनी. वाळलेल्या केसांतून कंगवा फिरवायचा नाही. गुंता काढायचा तो केस ओले असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने. आणि पंच्याने खसाखसा पुसायचं नाही, बाबांच्या जुन्या बनियनने नुसतं टिपायचं. हे कुठलंच पार्लर सांगत नाही, कारण बनियनचं पॅकेज करता येत नाही.

उरलं काम जवसाने केलं. वाण्याकडून चाळीस रुपयांचा पाव किलो आणला. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत आधी फेस येतो आणि मग डाव उचलला की त्याला तार सुटते. गॅस तिथेच बंद करायचा आणि गरम असतानाच गाळायचं. हे "गरम असतानाच" मी मनावर घेतलं नाही. फोन आला, बोलत बसले, परत येऊन बघते तर पातेल्यात भेंडीचा आत्मा बसलेला. चहाच्या गाळण्यातून थेंब पडेना. शेवटी पंच्यात बांधून चक्क्यासारखं पिळलं. ते बोटांमधून निसटून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर आणि जमिनीवरून आईच्या पायाखाली गेलं. आई पडली नाही, पण तिने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

हाताला लागलं ते मी डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलं. डबा अर्थातच श्रीखंडाचा. आमच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाचे सहा डबे आहेत. त्यांत आलं-लसूण, साय, विरजण, कडीपत्ता, सगळं असतं, फक्त श्रीखंड नसतं. पण बाबांची आशा अजून सुटलेली नाही. रात्री अकराला स्वयंपाकघरात चमच्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर ते दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात उभे.

"साखर कमी झालीय गं," म्हणाले. "आणि चक्काही."

मी काय आहे ते सांगितलं. त्यांनी चमच्याकडे बघितलं, थोडा विचार केला आणि उरलेलं संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर न घेताच आत गेले आणि पाच मिनिटांत हसतमुख बाहेर आले. तेव्हापासून मी एका वेळी दोन डबे करते. एक केसांचा, एक बाबांचा. बजेट त्यामुळे दुप्पट झालं, पण तेवढे पैसे बाबा देतात.

आणि केस बसले! ओल्या केसांना जेल चोळायचं, मुठीत घेऊन खालून वर दाबायचं आणि मग हात लावायचा नाही. वाळले की कडक होतात, तेव्हा जरा चुरगाळले की सुटतात. लोकलमध्ये एकीने विचारलं, कुठल्या पार्लरला केले, कितीला? मी म्हटलं, जवस. ती म्हणाली, "आम्ही त्याची चटणी करतो." क्लचरवालीने मला ओळखलंच नाही.

मेचा शेवटचा रविवार. आईने दोन किलो गहू गुरुवारी भिजत घातले होते, रोज पाणी बदललं होतं, आदल्या रात्री चीक काढून निवळत ठेवला होता. मी उठून बाहेर आले. आईने माझ्याकडे बघितलं. केस खांद्यावर, वळ्या जागच्या जागी, एक बट इकडची तिकडे नाही. किल्ली खुंटीवरून खाली आली. आठला चीक शिजला, नऊपर्यंत आईने सोऱ्याने गच्चीवर प्लॅस्टिकभर कुरडया घातल्या, बाबा काठी घेऊन कावळ्यांवर बसले. बाबांनी छत्री नेली नव्हती. का नेतील?

अडीच वाजता वळीव आला. आम्ही चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता, आणि बाबा काठीसकट ओले. मी त्या पावसात उभी होते. माझ्या डोक्यावरून पाणी ओघळत होतं, कपाळावर बुळबुळीत होऊन उतरत होतं.

आईने प्लॅस्टिकची चारी टोकं धरली, ते गाठोडं खाली आणून मोरीत ठेवलं. पदराने हात पुसले, फ्रिज उघडला, माझा डबा काढला आणि चमच्यासकट बाबांच्या हातात दिला.

"संपवून टाका," म्हणाली. "अजून तीन किलो गहू आहेत घरात. पुढच्या रविवारी हिचे केस मला मोकळे पाहिजेत."