लेव्हलवर खापर फोडू नका

नांदेड, परभणी, लातूरकडच्या गेमिंग ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधली (एक पात्र घेऊन त्याला वाढवत खेळायचे गेम) लेव्हलची पद्धत, म्हणजे पात्राची ताकद आकड्यांच्या पायऱ्यांनी वाढवायची रीत, कालबाह्य झाली, असा त्याचा दावा. कारणं अशी: लेव्हल म्हणजे निव्वळ ग्राइंड (तेच तेच काम पुन्हा पुन्हा करणं), लेव्हलमुळे मित्रांना सोबत खेळता येत नाही, नव्या जमान्याचे गेम लेव्हलशिवाय चालतात आणि खरा गेम शेवटच्या लेव्हलनंतरच सुरू होतो. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत चांगली जाणती पोरं आहेत, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी ‘नव्या जमान्या’चं बघू, कारण तिथे तारखाच उलट्या आहेत. अल्टिमा ऑनलाइन १९९७ साली आला. त्यात पात्राला लेव्हल नव्हती. एकूण ७०० गुणांच्या मर्यादेत तलवारबाजी, लोहारकाम, जादू अशी कौशल्यं वाढवायची. लेव्हलवाला एव्हरक्वेस्ट त्यानंतर, १९९९ मध्ये आला. ईव्ह ऑनलाइनमध्येही पात्राला लेव्हल नाही आणि तो २००३ पासून चालू आहे. दोन्ही वाटा पहिल्यापासून शेजारी शेजारी आहेत. एक जुनी आणि दुसरी नवी, असं ठरवायला आधारच नाही.

मग लेव्हल काढली की ग्राइंड जातो का? अल्टिमामध्ये लोक मॅक्रो (एकच कृती आपोआप पुन्हा पुन्हा करणारा आदेश) लावून एकच काम तासन्‌तास करवून घ्यायचे, कारण कौशल्याचा आकडा त्यानेच चढायचा. ईव्हने वेगळं केलं: कौशल्य घड्याळाप्रमाणे वाढतं, तुम्ही लॉगआउट असलात तरी. पण मग आज आलेल्या पोराने कितीही जीव काढला तरी जुन्या खेळाडूच्या एकूण गुणांशी बरोबरी होत नव्हती. २०१६ मध्ये स्किल इंजेक्टर आले आणि एका खेळाडूचे गुण काढून दुसऱ्याने विकत घ्यायची सोय झाली. लेव्हल नसतानाही वेळेचा बाजार मांडला गेलाच.

ग्राइंड खरा आहे, हे मान्यच. रूनस्केपमध्ये एखादं कौशल्य ९९ वर न्यायला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतो आणि ९२ व्या लेव्हलला जेमतेम निम्मी वाट सरलेली असते. तरीही २०१३ मध्ये परत सुरू केलेला ओल्ड स्कूल रूनस्केप आजही जोरात आहे. लातूरला क्लाससाठी खोली करून राहिलेल्या उदगीर-अहमदपूरच्या मुलाचा विचार करा. रविवारी तासभर मिळतो, त्यातही लाइट जाते. नुसत्या हाताच्या चपळाईवर चालणाऱ्या गेममध्ये महिनाभराचा खंड पडला की हाताची सवय मोडते आणि पिंग (नेटमुळे होणारा उशीर) वाढला की कौशल्य असूनही मार खावा लागतो. लेव्हलच्या गेममध्ये मात्र मागच्या महिन्याची कमाई तशीच जमा असते आणि पुढे किती उरलंय ते समोर दिसतं. ज्यांचा वेळ तुकड्यातुकड्यांत येतो त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि आपल्याकडे असेच खेळाडू जास्त.

मित्रांची ताटातूट हा आक्षेप सगळ्यात जास्त पटणारा, पण त्यावरचा तोडगा २००४ चा आहे. सिटी ऑफ हीरोजमध्ये साइडकिकची सोय होती: कमी लेव्हलचा मित्र मोठ्याच्या लेव्हलजवळ नेऊन सोबत लढवता यायचा. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये लेव्हल सिंक उलट बाजूने तेच करतं, मोठ्याला डन्जनच्या (गेममधल्या शत्रूंनी भरलेल्या बंदिस्त टप्प्याच्या) मापात खाली आणतं. ज्या गेमने ही सोय दिली नाही, त्याच्या बनवणाऱ्यांना जाब विचारा. माळेगावच्या यात्रेतही कुस्ती जोड बघूनच लावतात. त्याने कुणी पहिलवान दुरावत नाही, उलट नवख्या पोरालाही फडात उतरता येतं.

मजकुरातली एक तक्रार मात्र खरी आहे, फक्त तिचा निष्कर्ष चुकलाय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २००४ ला ६० लेव्हल होत्या, २०१८ पर्यंत १२० झाल्या. मधल्या काळात, २०१२ पासून, टॅलेंट (पात्राची खास क्षमता) निवडायची संधी साधारण पंधरा लेव्हलमागे एकदाच मिळू लागली. आकडा वाढायचा, हातात जवळजवळ काही पडायचं नाही. लोक वैतागले ते यावर. २०२० मध्ये ब्लिझार्ड या बनवणाऱ्या कंपनीने लेव्हल १२० वरून ६० वर आणल्या आणि २०२२ मध्ये दहाव्या लेव्हलपासून दर लेव्हलला टॅलेंट पॉइंट देणं पुन्हा सुरू केलं. पद्धत मोडीत काढायची त्यांना पूर्ण मुभा होती. त्यांनी ती आटोपशीर करून पुन्हा भरली.

राहिला ‘खरा गेम नंतर सुरू होतो’ हा मुद्दा. हे रेड (बलाढ्य शत्रूंवर मिळून केलेली चढाई) करणाऱ्या गिल्डवाल्यांचं, म्हणजे खेळाडूंच्या पक्क्या संघांचं, मत आहे, सगळ्यांचं नव्हे. २०१९ मध्ये वॉरक्राफ्ट क्लासिक (जुन्या रूपातला वॉरक्राफ्ट) आला तेव्हा लोक पहिल्या लेव्हलपासूनची संथ वाट चालायलाच परतले. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचे अधिकृत हार्डकोर सर्व्हर निघाले. तिथे पात्र एकदा मेलं की त्या सर्व्हरवर कायमचं गेलं, मग ते १२ व्या लेव्हलला असो की ५९ व्या. ६० गाठणं हेच तिथे बहुतेकांचं ध्येय असतं. आधीचं सगळं फुकट असतं, तर ५९ व्या लेव्हलला मेलेल्या पात्रामागे कुणी हळहळलं नसतं.