एका संताचे दोन दिवस

२००८ साली ईस्टर फार लवकर, म्हणजे २३ मार्चला आले आणि १७ मार्च हा आयर्लंडचा पालक संत पॅट्रिक याचा दिवस ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहातल्या सोमवारी पडला. त्या सप्ताहात कोणत्याही संताचा सण साजरा करायचा नाही, असा कॅथलिक चर्चचा दंडक असल्याने आयर्लंडच्या बिशपांनी सण दोन दिवस आधी, शनिवारी ठेवला. सुट्टी, मिरवणूक आणि बँडपथके मात्र १७ तारखेलाच राहिली. मी तेव्हा डब्लिनमध्ये नुकताच राहायला आलो होतो. शेजारच्या वृद्ध बाई शनिवारी कोटाला ताज्या शॅमरॉकची, म्हणजे आयर्लंडचे प्रतीक असलेल्या तीन पानी वनस्पतीची जुडी टाचून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला गेल्या आणि सोमवारी नातवंडांचा हात धरून मिरवणूक पाहायला गेल्या. एकाच संताचे दोन दिवस त्यांनी सारख्याच मनापासून पाळले, हे माझ्या मनात तेव्हापासून घर करून आहे.

पॅट्रिक पाचव्या शतकातला. रोमन अमलाखालच्या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या या मुलाला सोळाव्या वर्षाच्या सुमारास आयरिश लुटारूंनी पळवून आणले. सहा वर्षे गुलाम म्हणून गुरे-मेंढ्या राखल्यावर तो निसटला आणि पुढे धर्मोपदेशक होऊन त्याच बेटावर परतला. सतराव्या शतकात वॉटरफर्डचे फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू लूक वॉडिंग यांच्या खटपटीने त्याचा दिवस चर्चच्या पंचांगात आला. १९०३ मध्ये त्या दिवसाला सार्वजनिक सुट्टी मिळाली. स्वतंत्र आयर्लंडने तर १९२७ च्या कायद्याने त्या दिवशी मद्यालये बंद ठेवली आणि ती बंदी १९६० पर्यंत टिकली. सकाळी मिस्सा, चाळीस दिवसांच्या उपवासकाळातली एका दिवसाची सूट आणि घरचे जेवण, एवढाच तो सण होता.

मिरवणूक आली ती देश सोडून गेलेल्यांकडून. न्यूयॉर्कमध्ये ती १७६२ पासून निघते. आयर्लंडमधल्या १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देशोधडीला लागली, आणि अमेरिकेत कॅथलिक म्हणून हिणवले जाणारे हे लोक वर्षातून एकदा रस्ता भरून चालू लागले, ते आपली संख्या आणि आपला हक्क दाखवण्यासाठी. परदेशात राहिल्यावर ही गरज काय असते, ते मला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. डब्लिनमध्ये सरकारी संचलन १९३१ मध्ये सुरू झाले, पन्नाशीच्या दशकात त्यात देशी कारखान्यांच्या मालाचे चित्ररथ आले, आणि १९९५ मध्ये सरकारने महोत्सवासाठी स्वतंत्र व्यवस्था उभी केली. हा सण धर्माच्या विरोधकांनी हिरावून घेतला, असे म्हणायला इतिहासात आधार नाही. तो स्थलांतरितांनी, व्यापाऱ्यांनी, पर्यटन खात्याने आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या श्रद्धाळूंनीच बदलला. चर्चचा दबदबा ओसरला त्याची कारणे वेगळी आहेत. तिच्या संस्थांमधले बालकांवरचे अत्याचार उघडकीस आले आणि लोकांचा विश्वास उडाला. स्वतःला कॅथलिक म्हणवणारे २०१६ च्या जनगणनेत ७९ टक्के होते, २०२२ मध्ये ६९ टक्के उरले.

यात तोटा झालेला आहे. २००७ मध्ये फादर व्हिन्सेंट ट्वोमी या धर्मपंडितांनी हा दिवस चर्चने परत मिळवावा, असे कळकळीने लिहिले होते. संध्याकाळी शहराच्या मध्यभागी दारूने झिंगलेली पोरे पाहिली, की त्यांची व्यथा मलाही पटते.

दर भाद्रपदात पुण्यातल्या आमच्या कुटुंबात हाच वाद होतो. आत्याला डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या गर्दीत भक्ती दिसत नाही. चुलतभावाला प्रत्येक निर्बंध हा धर्मावरचा घाला वाटतो. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिल्यापासून तो वाद अधिकच टोकदार झाला आहे. १८९० च्या दशकात घरचा गणपती चौकात आला, तोही लोकांना एकत्र आणण्यासाठी, त्यामुळे सार्वजनिक होण्यात पाप आहे असे मी मानत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की सरकारी निधी मागताना आपण उत्सवाला संस्कृती म्हणतो आणि आवाजाची मर्यादा सांगितली की तोच उत्सव धर्म होतो. डब्लिनची मिरवणूक दुपारी बाराला निघते, दोन-अडीच तासांत आटोपते आणि पाठोपाठ झाडूवाल्या गाड्या येतात. त्या वेळापत्रकाने संत पॅट्रिकचा अपमान झाला, असे कोणी म्हणत नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही, आणि मार्गावरच्या घरांतल्या आजारी माणसांनी दाद मागायची कोणाकडे?

मिरवणूक सर्वांची झाली, की तीत कोण चालणार हाही प्रश्न येतो. न्यूयॉर्कच्या संचलनात समलिंगींच्या गटांना स्वतःच्या फलकाखाली चालण्याची मुभा २०१५ पर्यंत नव्हती. २०१८ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर आपल्या जोडीदारासह त्याच रस्त्यावरून चालले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवणजवळचे वराड.

आमच्या उपनगराच्या मिरवणुकीत मराठी मुले लेझीम खेळतात. गेल्या मार्चमध्ये थंडीने त्यांची बोटे आखडली होती, तरी ताल चुकला नाही. शेजारच्या बाई आता चाकाच्या खुर्चीत बसून येतात. मिस्साहून आल्या असल्याने कोटावर शॅमरॉक होताच. त्यातली एक काडी तोडून त्यांनी माझ्या मुलीच्या नऊवारीच्या पदराला टाचली.