साड्या नकोत, वाडं पाठवा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगेचं पाणी आमच्या गावच्या दूध डेअरीच्या तिसऱ्या पायरीला लागलं, तेव्हा मी बर्मिंगहॅममध्ये ऑफिसात बसून व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ बघत होतो. कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे बंधारे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. त्या वर्षी मात्र पाणी उतरायचं नावच घेईना. तात्यांना फोन लावला. तात्या म्हणजे माझे चुलते, डेअरीचे सेक्रेटरी. विचारलं, काय पाठवू?

"कापडं पाठवू नका म्हणावं सगळ्यास्नी. शाळंत साड्यांचा ढीग लागलाय. हितं म्हशी उपाशी हाईत."

ऊसच पाण्यात, त्यामुळे वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, नाही. कडब्याच्या गंज्या भिजून कुजलेल्या. माणसं शाळेत, जनावरं माळावर, आणि येणाऱ्या प्रत्येक टेम्पोत बिस्किटं, मेणबत्त्या आणि जुने कपडे. एका पिशवीत म्हणे लग्नातली शेरवानी निघाली. देणाऱ्यांची दानत खोटी नव्हती. फक्त डेअरीत फोन करून कुणी विचारलं नव्हतं.

तात्यांचं ते वाक्य मला लागायचं कारण माझी नोकरी. इथल्या एका धर्मादाय ट्रस्टमध्ये मी देणग्यांचे अर्ज तपासतो. समोरच्याला काय हवं हे आम्हीच ठरवतो आणि मग त्याच्याकडून तसा अर्ज लिहून घेतो. शेरवानी पाठवणाऱ्यात आणि आमच्यात फरक एवढाच, की आमचं लेटरहेड चांगलं आहे.

मग २०२० चा मार्च आला. आमचा अर्ज बावीस पानांचा, निर्णयाला आठ-नऊ महिने. करोनाच्या पहिल्या पंधरवड्यात तो दोन पानांवर आला आणि निर्णय आठवड्यात व्हायला लागले. एका प्रकल्पासाठी दिलेले पैसे पगाराला, भाड्याला वापरले तरी चालतील, असं आम्ही लेखी कळवलं. हे फक्त आमच्याकडे झालं नाही. अमेरिकेत ८०० हून जास्त फाउंडेशन्सनी जाहीर वचन दिलं, की अटी सैल करू, अहवाल कमी मागू. तिथल्या अब्जाधीश मॅकेन्झी स्कॉट यांनी त्या वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत ३८४ संस्थांना ४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली, तीही 'तुम्हाला योग्य वाटेल तशी वापरा' म्हणून. आपल्याकडे अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि विप्रो यांनी मिळून १,१२५ कोटी जाहीर केले.

ब्रिटनची एक गोष्ट मला यापेक्षा महत्त्वाची वाटते. २०१७ च्या जूनमध्ये लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. देणग्यांचा पूर आला, पण वाचलेल्या माणसांना वेगवेगळ्या संस्थांपुढे आपली तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागली. यावर बोभाटा झाला. त्यातून २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये नॅशनल इमर्जन्सीज ट्रस्ट उभा राहिला. देशभर एकच आवाहन करायचं आणि पैसे स्थानिक फाउंडेशन्समार्फत वाटायचे, अशी त्याची रीत. चारच महिन्यांत करोना आला आणि यंत्रणा तयार होती. चूक कबूल करायला, तिच्यावर बैठका घ्यायला आणि नवी घडी बसवायला मधली अडीच शांत वर्षं लागली. संकट अंगावर असताना कुणी शिकत नाही, तेव्हा फक्त धावपळ होते.

आणि आपल्याकडे? जगभरच्या संस्था गाठी सोडत होत्या, त्याच २०२० च्या सप्टेंबरमध्ये आपण परदेशी देणग्यांवरचा एफसीआरए कायदा आवळला. परदेशी देणगी घेतलेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, दुसरी रीतसर नोंदलेली असली तरी. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, मग संस्था निपाणीत असो नाहीतर खानापुरात. गावाकडचे मित्र म्हणतात, बरं झालं, परदेशी पैशानं उचापती होतात. हिशेब मागण्याला माझा विरोध नाही. इथे ब्रिटनमध्ये मोठ्या नोंदणीकृत संस्थांचा हिशेब चॅरिटी कमिशन या नियामकाच्या वेबसाइटवर घरबसल्या बघता येतो. पण मोठ्या संस्थेकडून छोटीकडे पैसा जाण्याची वाटच बंद केली, तर पुराच्या रात्री गावात असलेली माणसं यादीतून बाहेर पडतात. डेअरी, स्त्री शक्ती संघ, तरुण मंडळ यांच्याकडे तीन वर्षांचं ऑडिट कुठून येणार?

यातली गंमत अशी. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, म्हणून माझ्या बचतीतून मी पाठवलेले पैसे देशी. माझ्याच वर्गातल्या मित्रानं ब्रिटिश पासपोर्ट घेतला, त्याचे परदेशी. पूर दोघांच्याही घरात शिरला होता.

शिवाय आमच्याकडे आणखी एक सीमा आहे. मलिकवाड कर्नाटकात, दत्तवाड महाराष्ट्रात, मधे दूधगंगा. पाणी दोन्हीकडे सारखंच चढतं. त्या पुरात महाराष्ट्रातल्या एका संस्थेला मी फोन केला, तर उत्तर आलं, आमची योजना कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांपुरतीच आहे. ट्रस्टच्या घटनेतच तसं लिहिलंय म्हणे. अलीकडच्या, कर्नाटकाच्या बाजूच्या एका कार्यालयात अर्ज फक्त कन्नडमध्ये होता. माझ्या आजीनं उलटसुलट करून बघितला आणि घडी घालून पदराला बांधला. सीमाभाग आपला, असं दोन्हीकडची भाषणं सांगतात. चाऱ्याचा ट्रक मात्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या कुठल्या बाजूला थांबायचा, हे कुणाच्या तरी घटनेतलं कलम ठरवतं. आणि आम्ही पारावर बसून पूर कुठल्या धरणामुळे, आलमट्टी की कोयना, यावर घसा कोरडा करतो. तो वाद खोटा नाही, पण म्हैस त्यानं पोट भरत नाही.

इथलं, ब्रिटनचं, कौतुकही फार नको. करोना ओसरला तसा आमचा अर्जही फुगायला लागला. दोनाचे सहा झाले, सहाचे चौदा. आता त्यात एक प्रश्न आहे, 'या प्रकल्पातून तुम्ही काय शिकलात? ५०० शब्दांत लिहा.' म्हणजे शिकायचं घेणाऱ्यानं. मी बैठकीत सुचवलं, एक पान आपणही भरू या, गेल्या वर्षी आपण कुठे चुकलो ते. अध्यक्षबाई छान हसल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षीच्या विषयपत्रिकेवर घेऊ. या उत्तराचं मराठी भाषांतर मला तालुक्याच्या कचेरीत लहानपणीच पाठ झालेलं आहे.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी तात्यांनी पाणी चढायच्या आधीच डेअरीच्या जुन्या वहीत घरटी जनावरं मांडली होती. म्हशी किती, गायी किती, गाभण कुठली, कुणाला माळावर जागा आहे, वरच्या अंगाच्या कुठल्या गावात ऊस पाण्याबाहेर आहे. मी आणि चार मित्रांनी (सगळे भारतीय पासपोर्टवाले, तात्यांनीच विचारून घेतलं) वाड्याचे पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी वहीचा फोटो आला, कुणाच्या गोठ्यात किती पेंढ्या पडल्या त्याचा. अहवाल म्हणावा तर तेवढाच, अर्धं पान, खाली तात्यांची सही आणि शेणाचा एक डाग.

वहीचं पहिलं पानही त्यांनी पाठवलं होतं. वर मराठीत, खाली कन्नडमध्ये, ट्रक ड्रायव्हरला दाखवायला म्हणून ठळक अक्षरात लिहिलेलं: जुने कपडे उतरवून घेतले जाणार नाहीत.