मोजले एक, सांगितले दुसरेच: प्रेमाच्या रसायनांविषयीच्या एका मजकुराचा प्रतिवाद

व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये एक मजकूर थोड्याफार फरकाने वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा सारांश असा: प्रेमात पडल्यावर मेंदूत डोपामिन हे रसायन वाढते म्हणून आनंद होतो, सेरोटोनिन हे दुसरे रसायन घटते म्हणून त्या व्यक्तीचे विचार थांबत नाहीत, मिठी मारली की ‘प्रेमाचे संप्रेरक’ ऑक्सिटोसिन स्रवून विश्वास निर्माण होतो, चॉकलेटमध्येही प्रेमाचे रसायन असते, आणि हा सगळा अंमल फार तर तीन वर्षे टिकतो. यांतली बहुतेक विधाने हवेतून आलेली नाहीत, त्यांच्यामागे कुठला ना कुठला प्रयोग आहे. मात्र त्या प्रयोगात मोजले गेले एक आणि सांगितले जाते दुसरेच.

डोपामिनचे विधान त्यातल्या त्यात सत्याच्या जवळ आहे. हेलन फिशर, आर्थर ॲरन आणि लुसी ब्राउन या अमेरिकी संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुकत्याच प्रेमात पडलेल्या 17 जणांना एफएमआरआय यंत्रात प्रिय व्यक्तीचे छायाचित्र दाखवले, तेव्हा मध्यमेंदूतील व्हीटीए हा डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशींचा भाग अधिक सक्रिय झालेला आढळला. परंतु हे यंत्र डोपामिन मोजत नाही, रक्तातील प्राणवायूत होणारा बदल टिपते. डोपामिनचा सहभाग हा त्यावरून काढलेला, रास्त पण अप्रत्यक्ष निष्कर्ष आहे. शिवाय डोपामिन म्हणजे आनंद, हे समीकरणच कच्चे आहे. मेंदूवैज्ञानिक वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांतील माकडांना एकदा संकेत कळला, की त्यांच्या डोपामिन पेशी फळांचा रस मिळताना नव्हे, तर तो मिळणार असल्याची खूण दिसताच उद्दीपित होत, आणि अपेक्षित रस मिळाला नाही तर मंदावत. मराठीत ‘ओढ’ आणि ‘आनंद’ हे दोन वेगळे शब्द आहेत. डोपामिनचे नाते पहिल्याशी अधिक आहे.

सेरोटोनिनच्या बाबतीत गफलत मोठी आहे. इटलीतील पिसा येथे दोनातेल्ला माराझ्झिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 20 प्रेमात पडलेले, 20 मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे रुग्ण आणि 20 इतर अशा तीन गटांची तुलना केली. पहिल्या दोन्ही गटांत जे कमी आढळले ते सेरोटोनिन नव्हते, तर सेरोटोनिन पेशीत ओढून घेणारे वाहक प्रथिन होते. आणि तेही मेंदूत नव्हे, तर रक्तातील प्लेटलेटवर. रक्तातील सेरोटोनिन मेंदूभोवतीचा रक्त-अडसर ओलांडत नाही, त्यामुळे दंडातून काढलेल्या रक्तावरून मेंदूतील प्रमाण सांगणे धाडसाचे ठरते. पुढे 2012 मध्ये नेदरलँड्समध्ये 20 जणांच्या रक्तातील सेरोटोनिन प्रत्यक्ष मोजले गेले, तेव्हा प्रेमात पडलेल्या पुरुषांत ते इतर पुरुषांपेक्षा कमी, पण प्रेमात पडलेल्या स्त्रियांत इतर स्त्रियांपेक्षा जास्त निघाले. हाही अभ्यास लहानच. तरीही ‘प्रेमात सेरोटोनिन घटते’ असे सरसकट म्हणण्याची सोय त्याने ठेवलेली नाही.

ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचे संप्रेरक’ म्हणणाऱ्यांनी एकदा म्हशीच्या गोठ्यात जाऊन यावे. पान्हा सुटावा म्हणून तिथे बेकायदा टोचले जाणारे इंजेक्शन हेच आहे, आणि ते टोचणाऱ्यावर म्हशीचा जीव जडल्याचे ऐकिवात नाही. प्रसूतीच्या कळा आणि दूध उतरणे ही या संप्रेरकाची पक्की ठाऊक असलेली कामे. जोडीने राहणाऱ्या प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यावरील प्रयोगांतून त्याचा जोडीदाराच्या ओढीशी संबंध जोडला गेला. पण 2023 मध्ये जनुकीय बदलाने ऑक्सिटोसिनचा ग्राही, म्हणजे त्याचा संदेश स्वीकारणारे पेशीवरील प्रथिन, काढून टाकलेल्या व्होलनीही जोड्या जमवल्याच. ऑक्सिटोसिन नाकात फवारल्यावर माणसे अनोळखी व्यक्तीवर अधिक विश्वास टाकतात, हा 2005 मधील गाजलेला निष्कर्षही 2020 मधील मोठ्या पुनर्प्रयोगात तसा आढळला नाही.

चॉकलेटविषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्यातील ‘प्रेमाचे रसायन’ म्हणजे फिनाइलइथिलअमाइन. खाल्ल्यावर त्याचे आतड्यात आणि यकृतातच झपाट्याने विघटन होते, मेंदूपर्यंत ते फारसे पोहोचतच नाही.

राहिली तीन वर्षांची मुदत. पिसा येथील अभ्यासातल्या प्रेमात पडलेल्या काही जणांची 12 ते 18 महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा सेरोटोनिनचे ते वाहक प्रथिन सर्वसामान्य पातळीवर आले होते. त्यातून फार तर सुरुवातीची विचारांची भुणभुण ओसरते असे म्हणता येईल. प्रेम संपले असे नव्हे. बियांका असेव्हेडो आणि सहकाऱ्यांनी सरासरी 21 वर्षे विवाहित असलेल्या, पण अजूनही जोडीदाराच्या उत्कट प्रेमात असल्याचे सांगणाऱ्या 17 जणांची एफएमआरआय चाचणी केली, तेव्हा जोडीदाराचे छायाचित्र पाहताना त्यांचाही व्हीटीए सक्रिय झाला. ही माणसे निवडून घेतलेली होती, म्हणून सगळ्यांचे असेच होते असा अर्थ काढता येत नाही. पण ‘फार तर तीन वर्षे’ हा दावा खोडून काढायला तेवढी पुरेशी आहेत.