येथे गावाचे नाव लिहावे

पर्वरीच्या टेकडीवर विधानसभेचे पावसाळी अधिवेशन भरले, की गोव्यात दोन गोष्टी एकदमच उगवतात: अळमी, म्हणजे रानातली अळंबी, आणि जागरूक नागरिक. दोन्हींचा हंगाम थोड्या दिवसांचा. अळम्यांचे निदान तोणाक (रस्सा) तरी होते.

यंदा ज्यांनी जागरूक व्हायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी या काही सूचना. निमित्त घडले एका सरकारी खात्याच्या आवक खिडकीवर. झोनबदलाविरुद्धच्या, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याविरुद्धच्या, हरकतींचा वीतभर गठ्ठा, सगळी पत्रे शब्दशः सारखी, आणि प्रत्येकाच्या तिसऱ्या ओळीत छापलेले: 'आमच्या (येथे गावाचे नाव लिहावे) गावातील सुपीक शेतजमीन'. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मसुदा तसाच्या तसा छापून, खाली सह्या ठोकून आणलेला. खिडकीतल्या बाईंनी एकेका पत्रावर शिक्का मारला, पोच दिली, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. शिक्क्यावरची तारीख मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

तेव्हा हे काम आणखी शास्त्रशुद्ध कसे करता येईल, ते पाहू.

सर्वांत आधी, राजपत्र वाचू नका. ते दर गुरुवारी निघते, अधूनमधून विशेष अंक येतात, आणि संकेतस्थळावर फुकट मिळते. फुकटच्या वस्तूला आपण किंमत देत नाही, हे धोरण इथेही ठेवा. नगरनियोजन कायद्यात २०२४ साली आलेल्या कलम ३९अ खाली जमिनीचा झोन बदलायचा तर आधी त्याची सूचना राजपत्रात येते आणि हरकतींना तीस दिवस मिळतात. तीस दिवस म्हणजे चार गुरुवार. पहिल्या गुरुवारी कोणी बघत नाही. दुसऱ्या गुरुवारी कोणीतरी तिरक्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. तिसऱ्या गुरुवारपर्यंत त्याखाली लालबुंद चेहरे जमतात. चौथ्या गुरुवारी 'सगळ्यांनी मिळून कायतरी करूया' असे एकमताने ठरते. एवढी चांगली चाललेली परंपरा मोडू नका.

हरकत लिहिताना काळजाला हात घाला. 'गोंय वाचयात' निदान चार वेळा आले पाहिजे. सूचनेतला अनुक्रमांक, सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग, किती चौरस मीटर, आत्ता कोणता झोन आणि मागितलाय कोणता, असला रुक्ष तपशील अजिबात नको. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, जोडू नका. त्यात एखाद्या कुळाचे नाव निघायचे आणि हरकतीला वजन यायचे. उतार पंचवीस टक्क्यांच्या वर आहे, पावसात मधून व्हाळ वाहतो, खाजनाचा (खाडीकाठच्या शेतीचा) बांध लागून आहे, पोचरस्ता जेमतेम तीन मीटरचा आहे, असे काही लिहिलेत तर त्याला फायलीवर उत्तर द्यावे लागते. उगाच कशाला कोणाला त्रास? शिवाय अशी कारणे वेळेत नोंदवलेली असली की पुढे उच्च न्यायालयात उपयोगी पडतात. तुम्हाला न्यायालयात कुठे जायचे आहे, तुम्हाला रील करायची आहे. आणि शंभर जणांनी एकच पत्र पाठवले, तर खात्याचे काम सोपे होते: शंभर हरकती, आशय समान, एका ओळीत निकाल.

माहिती अधिकाराचा अर्ज अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी करा. दहा रुपये भरा. उत्तराला तीस दिवस आहेत. तोवर सभागृह उठलेले असते आणि चवथीच्या नेवऱ्या तळून झालेल्या असतात.

आमदार भेटला की पहिली दहा मिनिटे त्याला त्याच्या पक्षांतरांवरून ऐकवा, मग कागद पुढे करा.

आता एलएक्यू, म्हणजे विधानसभेत विचारायचा प्रश्न. इथे जरा थांबायला हवे, कारण इथे आपल्या लोकांनी कमालच केली आहे. एलएक्यू म्हणजे आरटीआय नव्हे. तो तुम्ही विचारत नाही, आमदार विचारतो. पण आमदाराच्या हातात मसुदा कोणीही देऊ शकतो, आणि बरेच आमदार, विरोधी बाकांवरचे तर नक्कीच, तयार मसुदा आनंदाने घेतात. प्रश्न लिहायला त्यांच्याकडे कुठली फौज बसली आहे? मात्र प्रश्न द्यायची मुदत अधिवेशन सुरू व्हायच्या कितीतरी आधी सुरू होते. तारखा जाहीर झाल्या की कोणत्या दिवशी कोणत्या मंत्र्याची खाती आणि त्यांचे प्रश्न कधीपर्यंत द्यायचे, हे ठरते. आपण कधी जागे होतो? तो मंत्री उत्तर देऊन जेवायला गेला की.

बरे, मसुदा वेळेत दिलाच, तर तो असा असतो: 'डोंगरकापणी रोखण्याबाबत सरकार गंभीर आहे काय?' याचे उत्तर काय येणार? 'होय.' संपले. एक अक्खा प्रश्न गेला. अहो, सरकारचे मत विचारू नका, सरकारचे रजिस्टर विचारा! गेल्या तीन वर्षांत नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली डोंगरकापणीचे आणि सखल जमीन भरण्याचे किती अर्ज आले. तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, अर्जदार, मंजुरीची तारीख. विनापरवाना कापणीच्या तक्रारी किती, त्यांतल्या किती जागी पाहणी झाली, काम बंद करण्याच्या नोटिसा किती, गुन्हे किती, प्रत्यक्ष वसूल झालेला दंड किती. वर्षवार, तक्त्यात. असे विचारले की उत्तरासोबत परिशिष्ट येते, आणि खरा माल परिशिष्टात असतो. नुसते आकडे हवे असतील तर अतारांकित पुरे. लेखी उत्तर मिळते. मंत्र्याला उभे करायचे असेल तर तारांकित, पण मग आमदाराच्या हातात अर्ध्या कागदावर दोन-तीन पुरवणी प्रश्नही द्या. नाहीतर मंत्री आकडा वाचून दाखवतो, आमदार 'थँक्यू' म्हणून खाली बसतो आणि तुम्ही थेट प्रक्षेपणाखाली 'मॅच फिक्सिंग' लिहिता. प्रश्नोत्तराचा तास साठच मिनिटांचा. आठव्या क्रमांकावरच्या प्रश्नाची पाळी येईल या आशेवर घरी टीव्हीपुढे बसणारे भाबडे जीव अजून आहेत. 'माहिती गोळा केली जात आहे' असे उत्तर आले, तर आमदाराने तिथल्या तिथे प्रश्न राखून ठेवायला सांगावे, हे त्याला कोण सांगणार? तुम्ही. पण तुम्ही तेव्हा पणजीच्या आझाद मैदानावर बॅनर कोणत्या बाजूने धरायचा यावरून भांडत असता.

आणि एवढे करून उत्तर आले, तर? ते विधानसभेच्या संकेतस्थळावर पडून राहते. जुनी उत्तरेही तिथेच आहेत. आपल्या गावचे नाव घालून कोणी शोधत नाही. इकडे आरडाओरडा की सरकार माहिती दडवते. दडवतेही. पण जी छापून तुमच्या समोर ठेवली आहे, ती तरी कोणी वाचली? त्याच माहितीसाठी पुन्हा आरटीआय, पुन्हा दहा रुपये, पुन्हा तीस दिवस. असो. रागवायचे नाही असे ठरले होते.

निवेदन बारा पानी असावे, चाळीसही आमदारांना एकच जावे, आणि त्यात पहिली चार पाने पोर्तुगीज काळापासूनचा इतिहास असावा. विधेयकाचा क्रमांक, कलम, आत्ताचा मजकूर, नवा मजकूर, त्याने कोणाचे काय जाते आणि त्याजागी काय शब्द हवेत, हे सगळे एका पानात बसते. म्हणूनच ते टाळायचे. तयार शब्द दिलेत तर एखादा आमदार चुकून दुरुस्ती मांडायचा.

सज्जाचा पास सकाळी फोन करून मागा, मोबाइल आत नेता येईल असे समजा, आणि पर्वरीचा रस्ता मोकळा असेल असे धरून साडेअकराच्या कामकाजासाठी पणजीहून अकराला निघा.

शेवटच्या दिवशी निवांत राहा. शेवटच्या दिवशी काही होत नाही. ३० जुलै २०२१ हाही एका तीन दिवसांच्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. विरोधक सभात्याग करून बाहेर, आणि आत भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर. तीस वर्षे गोव्यात राहिलेला आणि १ एप्रिल २०१९ पूर्वी बांधलेल्या अडीचशे चौरस मीटरपर्यंतच्या घरात राहणारा तो भूमिपुत्र, असा त्याचा आशय. मग राज्यभर गदारोळ झाला आणि सरकारने ते राज्यपालांकडे न पाठवता गुंडाळले. यातून आपण काय शिकलो? मंजूर झाल्यावर ओरडले तरी चालते! एकदा चालले. त्याच भरवशावर आपण अजून झोपतो.

आवाजी मतदान झाले की दुसऱ्या दिवशी विचारा, 'कोणी कोणी मत दिले त्यांची नावे जाहीर करा.' नावे कुठून येणार? आवाजाला नाव नसते. आमदाराने उभे राहून मतविभागणी मागितली तरच कोण कुठे उभा होता याची नोंद होते. ते त्याला आदल्या दिवशी सांगायचे होते, एका फोनवर.

मंत्री 'पळोवया' (बघू या) म्हणाला की टाळ्या वाजवा, मिठाई वाटा, ग्रुपचे नाव बदलून 'विजयोत्सव' करा. सभागृहात मंत्र्याने 'तपासून बघतो', 'कारवाई करतो' म्हटले तर त्याची आश्वासन म्हणून नोंद होते, त्यासाठी विधानसभेची समितीही असते, आणि तारीख घालून तिच्या मागे लागता येते, हे विसरा.

पुरे झाले. उपरोध करून करून जीभ वळली.

स्वयंसेवक म्हणवता ना? मग सेवा कसली करता? २००७ च्या जानेवारीत 'प्रादेशिक आराखडा २०११' सरकारला मागे घ्यावा लागला, तो नुसत्या मोर्चांमुळे नव्हे. लोकांनी नकाशे पसरले, आपल्या गावचा डोंगर कोणत्या रंगात रंगवला आहे ते बोट ठेवून पाहिले, आणि मग रस्त्यावर उतरले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालचे झोनबदलाचे नियम रद्द केले, तेही कोणाची रील बघून नव्हे. कोणीतरी बसून एकेका झोनबदलाचे कागद गोळा केले होते. तुम्ही त्या निकालाचे स्टेटस ठेवलेत. कागद गोळा करताना तुम्ही कुठे होता?

गोव्यात १९१ पंचायती आहेत. एका पंचायतीत एक माणूस, दर गुरुवारी अर्धा तास, राजपत्रात आपल्या गावचे नाव शोधायचे. सापडले तर सर्व्हे क्रमांक उतरवून घ्यायचा, जागा बघून यायची, त्याच आठवड्यात हरकत द्यायची. मार्च-एप्रिलमध्ये आरटीआय, जूनमध्ये आमदाराकडे प्रश्नांचे मसुदे, अधिवेशनात पुरवणी प्रश्न, अधिवेशन संपल्यावर आश्वासनांची यादी. त्यात भाषण नाही, फोटो नाही, म्हणून माणूस मिळत नाही. ग्रुप भरला म्हणून दुसरा काढावा लागला, आणि गुरुवारी अर्धा तास द्यायला १९१ जण नाहीत!

तो मसुदा पुन्हा फिरवणार असाल तर निदान एक करा. पेन घ्या, कंस खोडा आणि त्या जागी गावाचे नाव लिहा. ते तरी माहीत असेल ना?