काढ्याशिवायही बरंच काही आहे

सर्दीत काय गरम प्यावं यावरचा तुमचा लेख आवडला पण त्यात सगळा भर मिरी-लवंग-दालचिनीच्या कडक काढ्यावर दिलाय तो पटला नाही. सर्दी उतरताना घसा आधीच सोललेला असतो, तोंडाला चव नसते, त्यात दिवसातून तीनदा तिखट काढा म्हणजे ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांचे हालच. आमच्याकडे देशावर हुलग्याचं माडगं करतात, हुलग्याचं भाजलेलं पीठ, गूळ, थोडी सुंठ, चिमूटभर मीठ, पातळसर आणि गरमागरम, ते पोटालाही आधार देतं आणि भूक नसली तरी घोट घोट जातं. कोकणातलं लसूण घातलेलं कुळथाचं कळण पण तसंच, आजारातून उठणाऱ्या माणसाला चहापेक्षा मी कधीही हेच देईन. चहाच हवा असेल तर गवती चहा आणि आलं, साखर कमी.

आणि गरम प्यायल्याने बरं वाटतं हा नुसता मनाचा खेळ नाहीये हं, कार्डिफ विद्यापीठातल्या लोकांनी २००८ मध्ये तपासलं होतं, तेच फळांचं सरबत गरम दिल्यावर घसादुखी, थंडी वाजणं, थकवा यातही आराम वाटला, गरम न करता दिल्यावर या तीन गोष्टींत नाही. नाक मात्र मोजून बघितलं तर मोकळं झालेलं नव्हतं.

दोन गोष्टी लेखात हव्याच होत्या, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, आणि बीपी असलेल्यांनी ज्येष्ठमध रोज रोज घेऊ नये, त्याने बीपी वाढतं. प्लीज हे ॲड करा.